बायनाची बदकं

बायना गेल्याची खबर हरणवाडीत टँकरनं आली.

टँकर चालवणारा जलालुद्दीन शेजारच्या कडा गावचा. तो वेशीपासून हॉर्न वाजवत यायचा, आणि हॉर्न ऐकून गाव भांडी घेऊन पळायचं. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. टँकर गुपचूप येऊन चावडीपाशी उभा राहिला. जलालुद्दीन खाली उतरला, रांगेत मागं उभ्या असलेल्या म्हाळूपाशी गेला आणि पाइप थेट त्याच्या ड्रममध्ये सोडला.

“ओ जलालभाई, नंबर हाय का न्हाई?” रांगेतल्या बाया ओरडल्या.

जलालुद्दीननं पाइप हलवला नाही. ड्रम भरला, दोन घागरी भरल्या.

“घरी आनखी भांडी हायेत का, म्हाळूभाऊ?”

“हायेत. कावून?”

“घेऊन ये. समदी भरून घे आदी.”

म्हाळूला वाटलं, आज टँकरवाला आपल्यावर खूश आहे. त्यानं घरातनं कळशी, बादली, दोन पातेली, इतकंच काय देवघरातला तांब्यासुद्धा आणला. सगळं भरून झाल्यावर जलालुद्दीननं पाइपाची तोटी बंद केली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाभी गेल्या, म्हाळूभाऊ. नारायणगडाच्या पायथ्याला. मागून गाडी येतीय.”

पाणी आधी का भरून घेतलं, हे म्हाळूच्या ध्यानात नंतर आलं. मढ्याला अंघोळ लागते. स्मशानातनं येणाऱ्या माणसांच्या पायावर पाणी लागतं. आणि खबर आधी सांगितली असती तर म्हाळू रांगेतच बसून राहिला असता. त्या वेळी मात्र त्याच्या डोक्यात एवढंच आलं, की आज पाणी पुरेल.

म्हाळूची बायको बायना सुभद्राबाईबरोबर बीडला गेली होती, पिल्लांचं खाद्य आणायला. सुभद्राबाई ही बायांच्या बदकपालन संस्थेची सेक्रेटरी. येताना गडाला हात जोडू म्हणून टेम्पो थांबवला. बायना लिंबाखाली सावलीला बसली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, “आमच्या मानसानं भुसा पालटला असंल का गं?” तेवढं बोलून ती जी टेकली ती उठलीच नाही. सुभद्राबाईनं हे सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. पण गडाच्या पायथ्याशी जीव जातो आणि तोंडी भुसा येतो, हे बायांना काही बरं वाटेना. मग पुढं पुढं सांगताना सुभद्राबाई भुशाच्या आधी ‘नारायण’ घालायला लागली.

आता हरणवाडीत बदकं कशी आली ते सांगायला पाहिजे.

एका वर्षी पाऊस बरा झाला होता आणि गावाचा पाझर तलाव सांडव्यापर्यंत भरला होता. तेव्हा बायनानं गावातल्या बाया गोळा करून बदकपालनाची सहकारी संस्था काढली, स्वतः चेअरमन झाली आणि सरकारकडं पिल्लं मागितली. विकास सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव भर ग्रामसभेत म्हणाले, “बायांना बदकं देता, मग गड्यांना काय, मगरी?” बायना बसल्या जागेवरनं म्हणाली, “मगर कशाला मागायची? तुमी हाय की.” गाव हसलं. विठ्ठलराव हसले नाहीत.

कागद फिरत राहिला. तो फिरून मंजूर होऊन आला तोवर सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. तलावाच्या तळाला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि त्यात शेळ्या हिंडत होत्या. पिल्लं घेऊन आलेल्या साहेबांना बायनानं तलाव दाखवला.

“साहेब, पाणी न्हाई यात.”

साहेबांनी कागद बघितला. “अटीत तलाव पाहिजे असं लिहिलंय. तलाव आहे ना?”

“तलाव हाय.”

“मग झालं तर.”

पिल्लं घेतली नाहीत तर पुढं गावाला काहीच मिळणार नाही, असंही ते म्हणाले. खोक्यांमध्ये पिवळीधमक पिल्लं चिवचिवत होती. बायनाच्या घराला मागं एक मोकळी खोली होती आणि वीज होती. पिसं फुटेपर्यंत पिल्लं तिनं सांभाळायची आणि मग प्रत्येक सभासद बाईच्या घरी तिच्या वाट्याची द्यायची, असं ठरलं. बदक मोठं झालं की त्याला तळं लागतंच असं नाही, प्यायला आणि डोकं बुडवायला पाणी मिळालं तरी भागतं, हे बायना शिकून आली होती. अंघोळीचं पाणी ती अर्ध्यावर आणून उरलेलं पिल्लांना द्यायची. म्हाळू म्हणायचा, आपल्या घरात बदकं स्वच्छ आहेत आणि माणसं पारोशी.

पण घरात इतकी पिल्लं आहेत हे शेजारच्यालाही सांगावं लागायचं. वास म्हणून नव्हता. बायना काय करायची हे म्हाळूनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. त्याला ते ऐकून माहीत होतं. सकाळी खरवडल्याचा आवाज यायचा, मग दिवसभर पत्र्यावर पाणी टपटपल्याचा आवाज यायचा. तो शेतावर जायचा, परत यायचा, आणि आवाज चालूच असायचा.

बायनाला नेलं त्या दिवशी घरात एकच गोंधळ होता. कुणी मागचं दार उघडं टाकलं आणि पिल्लं घरभर झाली. माणसं स्मशानातनं आली तेव्हा बायांनी रिवाजाप्रमाणं जिथं तिला ठेवलं होतं तिथं जमिनीवर पीठ पसरून वर दिवा लावला होता. हा दिवा दहाव्यापर्यंत तेवत ठेवायचा आणि दहाव्याला त्या पिठावर कशाची खूण उमटली ते बघायचं. मुंगीच्या वाटेसारखी उमटली, पाखराच्या नखासारखी उमटली, त्यावरनं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते जुनीजाणती सांगतात. आता पिल्लं पिठाकडं धावायला लागली. म्हाळूची थोरली बहीण चंद्रभागाबाई ओरडली, “आरं, दिव्यावर कायतरी झाका! ही भुतं पिठात शिरतेत.”

म्हाळू मागच्या खोलीत गेला. तिथं लाकडी चौकटीला ठोकलेली एक लोखंडी जाळी होती. ती ओली होती. त्यानं पोत्यानं पुसली आणि आणून दिव्यावर उपडी घातली. वारा आत जात होता, पिल्लू जात नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. दुःखातसुद्धा डोकं चालतंय म्हाळूचं, असं कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या दिवशी वास सुटला.

युरियाचं पोतं बंद खोलीत फोडल्यावर येतो तसला. आधी नाकात जायचा, मग डोळ्यांत. म्हाळू रोज खाद्य टाकत होता, पाण्याचं पातेलं भरत होता, वरून भुसा टाकत होता. जितका भुसा टाकावा तितका चिखल व्हायचा.

नेमके तेच दिवस माणसं भेटायला यायचे होते. हरणवाडीकडं भेटायला आलेला माणूस काही बोलत नाही. येतो, भिंतीला टेकून बसतो, थोडा वेळ खाली बघतो, डोळ्याला उपरणं लावतो आणि उठतो. उपरणं लावायचं म्हणजे नुसतं टेकवायचं, डोळे ओले असलेच पाहिजेत असं नाही. पण म्हाळूच्या घरात जो बसला त्याच्या डोळ्यांतनं धारा लागायला लागल्या. बायनाशी ज्यांचं बांधावरनं भांडण होतं ते रडले. ज्यांनी तिला बघितलं नव्हतं ते रडले. बँकेचा शिपाई दुसऱ्याच कामाला आला होता, तोही दारात उभा राहून रडला आणि काम न सांगता गेला.

“लई माया लावली होती हो बायनानं,” चंद्रभागाबाई पदरानं डोळे पुसत म्हणायची. “समदं गाव रडायलंय.”

म्हाळूच्या डोळ्यांतनंही पाणी येत होतं. पण ते बायनाचं की बदकांचं, हे त्याला कळत नव्हतं. ओट्यावर जाऊन बसला की डोळे सुकायचे. मग त्याला वाटायचं, हे काही खरं नव्हे. पुन्हा आत येऊन बसला की पुन्हा पाणी. एकदा तर तो उंबऱ्यावर बसला, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि चंद्रभागाबाईनं हाक मारून विचारलं, “आरं, हितं काय करायलास?”

मग विठ्ठलराव आले. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि ते संचालकपदाला उभे होते. गावात मयत झालं म्हणजे जाणं भाग होतं. दोन मिनिटं बसून उठायचं असं ठरवून ते आले आणि भिंतीला टेकले. मिनिटभरातच त्यांच्या गालांवरनं पाणी ओघळायला लागलं. विठ्ठलराव स्वतःच चकित झाले. उपरणं लावलं, भिजलं. दुसरी बाजू लावली, तीही भिजली. बरोबरचे कार्यकर्ते साहेबांकडं बघून आधी गप्प झाले आणि मग तेही रडायला लागले.

“बायनाबाई…” विठ्ठलराव एवढंच बोलले आणि खोकला आला म्हणून थांबले. बाहेरच्यांना वाटलं, हुंदका आला.

संध्याकाळपर्यंत कड्याच्या बाजारात बातमी होती. ज्या बाईनं भर सभेत मगर म्हटलं तिच्यासाठी विठ्ठलराव लेकरासारखे रडले. माणूस मनानं मोठा आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध उभे असलेले बद्रीनाथ आले. ते पेटत्या दिव्याजवळ, मागच्या खोलीच्या दाराला लागून बसले आणि विठ्ठलरावांच्या दुप्पट रडले. मग रीघच लागली. पाटोद्याकडनं, आष्टीकडनं जीपगाड्या यायला लागल्या. एका साप्ताहिकाचा फोटोवाला तर ओट्यावरच मुक्कामाला राहिल्यासारखा होता. कोण किती वेळ रडलं याच्या चर्चा पारावर व्हायला लागल्या.

संस्थेच्या बायांना मात्र हे काही पटेना. सुभद्राबाई नाकाला पदर लावून म्हाळूपाशी आली.

“दाजी, वास लई सुटलाय. बाया म्हन्तेत, आसं आसंल तर पिल्लं नगरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. दहावा झाला की बैठक घेऊ.”

“देऊ नगा,” म्हाळू म्हणाला. “पिसं फुटूपर्यंत सांबाळायची आन् मग ज्याची त्याला द्यायची, आसं तिनं ठरिवलंय. तेवडं मी करतो.”

“मग वासाचं बगा.”

म्हाळूनं वासाचं बघायला सुरुवात केली. आधी उदबत्त्या लावल्या. मग फिनेल ओतलं. वास गेला नाही, त्याला फिनेलची जोड मिळाली. जलालुद्दीननं कुठूनसं अत्तर आणून दिलं, ते म्हाळूनं खोलीच्या चारी कोपऱ्यांत शिंपडलं. चंद्रभागाबाई म्हणाली, “आता ही बदकं वऱ्हाडाला निगाल्यागत वाटायलीत.” परळीहून भेटायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, आमच्याकडं कोळशाची राख वाटेल तेवढी, ती सगळा ओलावा पिते. त्यांनी पोती पाठवली. राख पसरली. पिल्लं त्यात लोळली, पाणी सांडलं, आणि खोलीत सिमेंट कालवल्यासारखं झालं. पिवळी पिल्लं राखाडी झाली. भेटायला आलेली माणसंही उठताना राखाडी होऊन उठायला लागली, आणि रडल्यामुळं त्यांच्या गालांवर दोन दोन पट्टे उठायचे.

अशातच एका सकाळी म्हाळूनं खाद्य टाकलं आणि चार-पाच पिल्लं आलीच नाहीत. कोपऱ्यात मान घालून बसली होती. त्यानं एक उचललं. त्याचे डोळे चिकटले होते. दुसऱ्याचेही. म्हाळूनं ओंजळीत पाणी घेऊन बोटानं डोळा पुसला तेव्हा पापणी सुटली, आणि पिल्लानं त्याच्याकडं बघितलं.

“ही बी रडायलीत,” चंद्रभागाबाई दारातनं म्हणाली.

“रडत न्हाईत, आक्का. आंधळी व्हायलीत.”

त्या दिवशी तो भेटणाऱ्यांत बसलाच नाही. मागच्या खोलीत पोत्यावर बसून राहिला आणि नुसता बघत राहिला. पिल्लू पातेल्यापाशी यायचं. चोच बुडवायचं, मग डोकं बुडवायचं, मग मान झटकायचं. पाणी चहूकडं उडायचं. पुढचं यायचं आणि त्याच ओल्या जागेवर नाचत पाणी प्यायचं. पातेल्याभोवती चिखल झाला होता आणि त्या चिखलातच सगळ्यांची घाण. म्हाळूनं तिथला भुसा मुठीत घेऊन हुंगला तर डोकं भणाणलं. मग तो लांबच्या कोपऱ्यात गेला. तिथं भुईमुगाची टरफलं कोरडी होती. तीही हुंगली. त्यांना नुसता शेंगांचा वास होता.

म्हणजे वास बदकाचा नव्हता, ओलीचा होता.

मग बायना पिल्लांना पाणी कुठं पाजायची? खोलीत बघून काही कळेना. तो डोळे मिटून बसला. तेव्हा त्याला तो आवाज आठवला. पत्र्यावर पाणी टपटपायचं. पाणी जमिनीवर पडत नव्हतं, पत्र्यावर पडत होतं. दाराबाहेर एक रुंद घमेलं उपडं पडलं होतं. त्याच्यावर काहीतरी असणार. काहीतरी भोकाभोकाचं.

तो ताडकन उठला आणि दिव्यापाशी गेला. घमेल्याच्या तोंडावर बसेल एवढीच ती जाळी होती. चौकटीला चार कोपऱ्यांवर घमेल्याचा काठ घासल्याच्या खुणासुद्धा होत्या.

“आरं आरं! हात लावू नगं दिव्याला!” चंद्रभागाबाई धावली. “दहावा व्हायचाय आजून.”

“दिव्याला न्हाई लावत. झाकनाला लावतोय.”

“झाकन दिव्याचंच हाय ना?”

“झाकन बदकांचं हाय, आक्का. मीच आनलं हितं.”

“लोकं काय म्हन्तील?”

“लोकं रडायलीत. त्यांना दिसत न्हाई.”

त्यानं जाळी उचलली. दिव्यावर बांबूची टोपली झाकली, आणि दिवा गुदमरू नये म्हणून टोपलीच्या काठाखाली एक खडा ठेवला. मग फावडं घेऊन मागच्या खोलीतला सगळा चिखल काढून उकिरड्यावर टाकला. जमीन खरवडली, चुन्याची फक्की मारली, ती सुकू दिली. वर भुईमुगाची टरफलं आणि कड्याच्या वखारीतला लाकडाचा भुसा जाड पसरला. घमेलं सुलटं ठेवलं, वर जाळी, जाळीवर पाण्याचं पातेलं. पिल्लं जाळीवर चढली, पाणी प्याली, माना झटकल्या, आणि सांडलेलं पाणी खाली घमेल्यात टपटप पडलं. तो आवाज ऐकून म्हाळू थोडा वेळ फावड्याच्या दांड्याला धरून उभा राहिला.

वरचा झरोका कुणीतरी फडकं कोंबून बुजवला होता, थंडी लागेल म्हणून. फडकं काढलं. वारा खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या कडेला जेवढी ओल आली होती तेवढीच खरवडून काढली आणि नवा भुसा टाकला. तिसऱ्या दिवशी घरात वास उरला नाही. पिल्लांचे डोळे उघडले.

आणि माणसं रडायची थांबली.

येत होती, बसत होती, उपरणं डोळ्याला टेकवत होती, पण उपरणं कोरडं. इकडं तिकडं बघायला लागली, टँकरचं बोलायला लागली, छावणीतल्या चाऱ्याचं बोलायला लागली. चंद्रभागाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काय रं हे! दहावा व्हायच्या आदीच डोळे सुकले मानसांचे!”

दहाव्याच्या आदल्या दुपारी विठ्ठलराव पुन्हा आले. या वेळी तालुक्याची दोन वजनदार माणसं बरोबर होती आणि फोटोवाल्याला पुढं घालून आणलं होतं. विठ्ठलराव आपल्या आधीच्या जागेवर बसले, मान खाली घातली आणि वाट बघत राहिले. काही झालं नाही. त्यांनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, खाली केला.

“पिल्लं कुटं हायेत?” विठ्ठलराव अखेर म्हणाले. “बायनाबाईची पिल्लं. मला बगायचीत.”

ते एकटेच मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ बाहेर येईनात म्हणून म्हाळू आत गेला. कांजी केलेला पांढराशुभ्र सदरा घातलेले विठ्ठलराव गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भुसा उचलून हुंगत होते. पिल्लं त्यांच्याभोवती गोल करून बघत होती.

“आरं म्हाळू, वास कुटं गेला बे?”

“काडला, मालक.”

“कुनाला इचारून?”

“पिल्लांचे डोळे चिकटायले होते.”

“आन् माजे? माजं विलेक्शन हाय, बाबा! बाहेर तालुका बसलाय. दहावा होऊस्तर तरी ठिवायचा होतास.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आसं कर. उद्या एक टँकर ज्यादा पाठिवतो. नुस्ता बदकांसाठी. तू फकस्त थोडं सांड हितं.”

म्हाळूला आठवलं. बदकांना पाणी द्या म्हणून बायना विकास सोसायटीच्या पायऱ्या झिजवून आली होती. टँकरचं पाणी माणसांना आणि जनावरांना, बदक जनावरांत बसत नाही, असं तिला सांगितलं होतं. हेच विठ्ठलराव बोलले होते.

“पाटवा की,” म्हाळू म्हणाला. “पेतील बिचारी.”

“पेयाला न्हाई बे, सांडायला!”

“सांडतील बी. पर ते घमेल्यात पडंल. त्याला मी काय करू?”

विठ्ठलराव उठले. गुडघ्याला भुसा, मिशीला भुसा. रागारागानं बाहेर गेले आणि दार उघडं टाकून गेले. बाहेर तालुक्याच्या माणसांनी त्यांची ती दशा बघितली आणि त्यांना वाटलं, दुःखानं लोळले असतील. फोटोवाल्यानं फोटो घेतला.

त्यांना वाटेला लावून म्हाळू परत आला तोवर पिल्लं पडवीत आली होती. त्यानं हाकलून आत घातली. दिव्यापाशी आला तर टोपली थोडी सरकलेली आणि खड्याच्या फटीतनं एक पिल्लू बाहेर निघत होतं. चोचीला पीठ, पायांना पीठ. म्हाळूनं त्याला उचललं, पुसलं आणि खोलीत सोडलं. ते चार पावलं चाललं आणि बाकीच्यांत मिसळलं. दिवा शाबूत होता. पिठाला हात लावायचा नसतो, म्हणून त्यानं हात लावला नाही.

दहाव्याला भाऊबंद जमले. चंद्रभागाबाईनं टोपली उचलली. सगळे वाकले.

पिठावर तीन बोटांची, मधे पडदा असलेली पावलं उमटली होती. स्पष्ट. एका बाजूनं आत आलेली, दिव्याला वळसा घालून गेलेली.

मग सुभद्राबाईनं तोंडावर हात ठेवला. “बाई गं. बदकाच्या जल्माला गेली.”

“काल एक पिल्लू शिरलं होतं आत,” म्हाळू म्हणाला. “मी डोळ्यानं बगितलं.”

“कोन्तं पिल्लू?”

“ते काय वळकू येतंय? समदी सारखीच.”

“बगा!” सुभद्राबाई बायांकडं वळली. “वळकू येत न्हाई म्हन्तेत.”

“आगं, जाळी मी उचलली, म्हनून शिरलं ते. जाळी आसती तर शिरलं नसतं.”

“पर दाजी, जाळी उचलायची बुद्दी तुमाला दिली कुनी?”

पत्र्यावरचा तो आवाज आठवला म्हणून उचलली, हे म्हाळूनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आणखीच झालं असतं.

दुपारपर्यंत गाव मागच्या खोलीच्या दारात येऊन हात जोडून जात होतं. विठ्ठलरावही आले. मगरीचं बोलणं मनात ठेवू नका, असं ते सगळ्या पिल्लांकडं आळीपाळीनं बघत म्हणाले. त्यांनी टँकरही पाठवला, आणि या वेळी सांडायला सांगितलं नाही. नगरचा व्यापारी पिल्लं मिळतील या आशेनं गाडी घेऊन आला तेव्हा बायांनी त्याला वेशीवरनंच परत पाठवलं.

म्हाळूला बरं वाटलं. पिल्लं कुठं जाणार नव्हती. पुढचे आठवडे तो रोज सकाळी ओल खरवडत राहिला, घमेलं परसात रिकामं करत राहिला, चुना मारत राहिला. सोनेरी लव गेली आणि पांढरी पिसं फुटली. मग त्यानं सुभद्राबाईला निरोप धाडला, की काम झालं, वाटून घ्या.

सगळ्या सभासद बाया आल्या. ओट्यावर बसल्या. म्हाळूनं बदकं न्यायला पाट्या तयार ठेवल्या होत्या. एकही बाई उठेना.

“घ्या की,” म्हाळू म्हणाला.

“आन् माज्या वाट्याला तीच आली तर?” सुभद्राबाई म्हणाली. “मी तिला खुराड्यात कोंडू? चेअरमन हाय ती.”

“आन् अंडी?” दुसरीनं विचारलं. “तिची अंडी भाजीत घालू?”

“माजी सासू लई तोंडाळ,” तिसरी म्हणाली. “बायनाबाईला कायबाय बोलंल, आन् मग मला वाईट वाटंल.”

“आदी वळख पटवा, दाजी. हाक मारून बगा.”

म्हाळूला लाज वाटली. पण बाया उठत नव्हत्या. तो खोलीच्या दारात गेला आणि हळूच म्हणाला, “बायना.”

खाद्याची वेळ झाली होती. सगळीच्या सगळी बदकं मान पुढं काढून त्याच्याकडं धावत आली.

बाया उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. म्हाळूही हसला नाही. ती त्याच्या पायाभोवती गर्दी करून उभी होती, धोतराचा सोगा ओढत होती, आणि त्याला खाली बसावंसं वाटत होतं. तो बसला. बायांनी मग तिथंच बैठक घेतली. सूचक सुभद्राबाई, अनुमोदन सगळ्यांचं. ओळख पटेपर्यंत वाटप तहकूब, आणि तोवर बदकं म्हाळूकडंच.

त्यानंतर म्हाळू दोन वेळा सुभद्राबाईच्या घरी गेला. बदकं मोठी झालीत, खोली पुरत नाही, भुसा रोज पालटावा लागतो, असं सांगून आला. ती म्हणाली, बैठक लावू. बैठक लागलेली नाही. बायनानं ठरवलेलं वाटप अजून व्हायचं आहे.